पत आणि भाषा : न्यू इंग्लंडमधील फ्रँको-अमेरिकन दुकानदार



सहकारी पतपेढ्यांच्या कार्यात ज्यांचे उभे आयुष्य गेले, त्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या मालेत वक्त्याने पतपेढीविषयी चार शब्द बोलावेत अशी श्रोत्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे, आणि ती मी यथाशक्ती पुरी करणार आहे. मात्र ज्या पतपेढीची हकीकत मी सांगणार आहे ती आपल्याकडची नव्हे, तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील, म्हणजे न्यू इंग्लंडमधील, न्यू हॅम्पशायर या संस्थानातल्या मँचेस्टर नावाच्या गिरणीशहरातली आहे, आणि तिचे पहिले सभासद इंग्रजी बोलणारे अमेरिकनही नव्हते. ते होते कॅनडातील क्वेबेक प्रांतातून आलेले फ्रेंचभाषी रोमन कॅथलिक गिरणीकामगार. या समाजाला आज फ्रँको-अमेरिकन असे नाव आहे. अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांचा इतिहास आपण वाचतो तेव्हा आयरिश, इटालियन, ज्यू हे सारे त्यात भेटतात. हे लोक मात्र सहसा भेटत नाहीत. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाभोवती जे अद्भुताचे वलय जमते ते शेजारच्या देशातून आगगाडीत बसून आलेल्या माणसाभोवती जमत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

आले ते थोडेथोडके नव्हेत. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत सुमारे नऊ लाख माणसांनी क्वेबेक सोडून अमेरिकेची वाट धरली. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या गावांत घरोघरी दहादहा-बाराबारा मुले असत आणि जी जमीन एका मुलाला पुरे ती दहांना पुरणे शक्य नव्हते. हिवाळा दीर्घ, पीक बेभरवशाचे आणि कर्ज मात्र नियमाने वाढणारे. याच सुमारास सरहद्दीच्या दक्षिणेस मेरिमॅक, अँड्रॉस्कॉगिन, ब्लॅकस्टोन अशा नद्यांच्या धबधब्यांवर कापडगिरण्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना एकटादुकटा मजूर नको होता, अख्खे कुटुंब हवे होते. या गिरण्यांचा आणि आपला एक जुना, दूरचा संबंध आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, दक्षिणेकडचा कापूस बंद पडला तेव्हा इकडे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल येऊन मुंबईत सट्ट्याला ऊत आला, आणि तिकडे ज्यांच्या गुदामात आधीचा साठा होता ते न्यू इंग्लंडचे गिरणीमालक गबर झाले. पुढे १८७४ साली मेन संस्थानातील लुइस्टन शहर ग्रँड ट्रंक रेल्वेला जोडले गेले, आणि क्वेबेकच्या खेड्यात पहाटे घराला कुलूप लावून निघालेले कुटुंब अल्पावधीत बेट्स गिरणीच्या दारात उभे राहू लागले.

लुइस्टनमध्ये रेल्वेस्थानक आणि नदी यांच्यामध्ये जी लाकडी चार-पाच मजली चाळींची दाटी झाली तिला ‘पेती कॅनडा’, म्हणजे छोटा कॅनडा, म्हणत. अशा वस्त्या लोवेलमध्ये, फॉल रिव्हरमध्ये, ऱ्होड आयलंडच्या वूनसॉकेटमध्येही होत्या. वूनसॉकेटमध्ये तर निम्म्याहून अधिक लोकवस्ती याच समाजाची झाली. अशा वस्तीत वाढणाऱ्या मुलाचे जग पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीच्या, आत जवळजवळ पुरे होत असे. बाप्तिस्मा तिथे, शाळा तिथे, दवाखाना धर्मभगिनींचा, दफनभूमी आपली; शाळेत अर्धा दिवस फ्रेंच, धर्मप्रश्नोत्तरी आणि कॅनडाचा इतिहास, उरलेला अर्धा दिवस इंग्रजी आणि अंकगणित. चोवीस जूनला सेंट जॉन बाप्टिस्टच्या सणाची मिरवणूक निघे आणि तीत कुरळ्या केसांच्या एखाद्या पोराला मेंढीचे कातडे पांघरून, शेजारी जिवंत कोकरू देऊन, रथावर बसवत. त्या मानासाठी आयांमध्ये किती चुरस होत असेल याची कल्पना आपल्याकडच्या कोणत्याही आईला करता येईल. नववर्षाच्या दिवशी सकाळी थोरल्या मुलाने सर्व भावंडांच्या वतीने वडिलांपुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागायचा, आणि एरवी गिरणीच्या खडखडाटात बारा महिने मुका झालेला तो बाप हात उंचावून मुलांच्या डोक्यावर क्रूसाची खूण करायचा. हा प्रघात त्यांनी क्वेबेकहून जसाच्या तसा आणला होता.

या बाल्याची दुसरी बाजू कोणी झाकून ठेवू नये. मूल बारा-चौदा वर्षांचे झाले की, आणि पुष्कळदा त्याआधीच वय वाढवून सांगून, ते गिरणीत जाई. लुइस हाइन या छायाचित्रकाराने १९०९ साली मँचेस्टरच्या अमॉस्केग गिरण्यांच्या फाटकाशी टिपलेली पोरे पाहिली म्हणजे कायदा आणि वस्तुस्थिती यांच्यातले अंतर निराळे मोजण्याची गरज उरत नाही. मुलांनी पगाराचे पाकीट न फोडता आईच्या हाती द्यावे अशी रीत होती. घरखर्चाची सूत्रे तिच्याकडे असत, आणि ते पाकीट घेऊन ती शनिवारी जिथे जाई त्या ठिकाणाकडे आता वळू.

ते ठिकाण म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकान. खारवलेले डुकराचे मांस, पांढरे घेवडे, सुपासाठी वाटाण्याची डाळ, काकवी, चरबी, पिठाची पिंपे असा ऐवज. नाताळच्या आधी, मांसाचे सारण भरून भाजलेल्या ‘तूर्तिएर’ नावाच्या पदार्थासाठी लागणारा खिमा. गल्ल्याशेजारी वह्या रचलेल्या असत, एकेका कुटुंबाची एकेक. तिचीच जोडवही गिऱ्हाइकाकडे. माल नेताना दोन्हींत नोंद व्हायची, पगाराच्या दिवशी दोन्हींची बेरीज जुळवायची आणि हिशेब चुकता झाला की दुकानदार मुलांसाठी मिठाईची एक पुडी वर घालायचा. व्याज नाही, दस्तऐवज नाही, जामीन नाही. दुकानदाराला हे साधत असे, कारण गिऱ्हाइकाची पत ठरवण्याचे जे साधन त्याच्यापाशी होते ते बोस्टनच्या कोणत्याही बँकेपाशी नव्हते. कोणाच्या घरी किती कमावती माणसे आहेत, कोण पितो, कोणाच्या बायकोला दिवस गेले आहेत, कोणत्या खात्यातल्या मागांवर काम कमी झाले आहे, हे सारे त्याला चर्चच्या पायरीवर आणि स्वतःच्या फळीवर, फ्रेंचमध्ये, विनासायास कळत असे. याची किंमत त्याला इतर मार्गांनी मोजावी लागे. तो पत्रे लिहून देई, नागरिकत्वाच्या अर्जावर साक्ष घाली, परस्परसाहाय्य मंडळाची पेटी सांभाळी, मृताच्या घरी सर्वांआधी जाई. पुष्कळ दुकानांत कीर्द-खतावणी पत्नीच्या किंवा मुलीच्या हाती असे. तिचे नाव पाटीवर नसे, पण वसुली कोणाकडून कधी करावी हे तीच ठरवत असे.

हा फ्रेंच बोलणारा पैसा आपल्याकडे वळवण्याची इच्छा इतरांनाही होतीच. मोठ्या रस्त्यावरच्या इंग्रजीभाषी यांकी व्यापाऱ्यांनी फ्रेंच येणारे कारकून ठेवले, त्यांच्या जाहिराती लुइस्टनच्या ‘ल मेसाजे’सारख्या फ्रेंच पत्रांत छापून येऊ लागल्या. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. त्या काळी या शहरांत फ्रेंच ही पोट भरणारी भाषा होती. ती येत असेल तर नोकरी मिळे आणि येत नसेल तर गिऱ्हाईक जाई. भाषेला याहून भक्कम आधार दुसरा नसतो असे माझे मत आहे, आणि आजच्या व्याख्यानात मला जे म्हणायचे आहे ते बहुतांशी एवढेच आहे.

दुकानाची साक्ष एकदा थेट सरकारदरबारीही उपयोगी पडली. १८८१ साली मॅसॅच्युसेट्सच्या कामगार-सांख्यिकी खात्याचे प्रमुख कॅरल राइट यांच्या अहवालात या लोकांना ‘पूर्वेकडील संस्थानांतले चिनी’ असे म्हटले गेले. त्या काळच्या अमेरिकेत ही शिवी होती, आणि तीमागचा आरोप असा की हे लोक येतात, पैसा गाठीला बांधतात आणि परत जातात. शाळा, नागरिकत्व, संस्था यांत त्यांना काडीचा रस नाही. समाज खवळला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बोस्टनला जाहीर चौकशी झाली तेव्हा वूस्टरच्या ‘ल त्राव्हायर’ पत्राचे संपादक फेर्दिनां गान्यों यांच्यासारखी मंडळी कागदपत्रे घेऊन हजर झाली आणि त्यांनी गावोगावच्या याद्या सादर केल्या: नागरिक किती झाले, घरे-जमिनी किती जणांच्या नावावर आहेत, दुकाने आणि धंदे किती. राइट यांनी ती साक्ष पुढच्या अहवालात छापली आणि आपले मत बरेच सौम्य केले. प्रतिष्ठेच्या प्रश्नाला वक्तृत्वाने उत्तर देण्याचा मोह टाळून ज्यांनी मालमत्तेचा तक्ता पुढे केला त्यांचे मला कौतुक वाटते. मात्र त्यातच पुढच्या गुंतागुंतीचे बीज होते, कारण दुकान चालवून आपण अमेरिकन झालो असे जो सांगतो त्याला दुकान अमेरिकन होत गेले तर तक्रार करता येत नाही.

आता पतपेढीकडे येतो. दुकानदाराची वही घेवडे आणि पीठ देऊ शके. घर बांधायला, दुखण्याला, नव्या धंद्याला लागणारी रक्कम ती देऊ शकत नव्हती, आणि बँका गिरणीकामगाराला दारात उभे करीत नव्हत्या. क्वेबेकमधल्या लेव्ही गावी आल्फोन्स देजार्दँ या गृहस्थांनी १९०० साली ‘केस पोप्युलेर’, म्हणजे लोकांची पेढी, स्थापन केली होती. धंद्याने ते कॅनडाच्या संसदेतील चर्चांचे वृत्तलेखक होते, आणि सभागृहात सावकारी व्याजाच्या कहाण्या ऐकून त्यांनी हा मार्ग शोधला. रायफायझन, लुझाती यांच्यासारख्यांनी युरोपात केलेल्या सहकारी पतपेढ्यांच्या प्रयोगांचा त्यांनी पत्रव्यवहार करून अभ्यास केला होता. मँचेस्टरच्या नदीपलीकडच्या पश्चिम भागात सेंट मेरी पॅरिश होते. तिथले धर्मगुरू मॉन्सिन्योर प्येर हेव्ही यांनी देजार्दँना बोलावून घेतले आणि २४ नोव्हेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील पहिली सहकारी पतपेढी सुरू झाली. न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने पुढच्या वर्षी तिला सनद दिली. पेढीला इमारत नव्हती. जोसेफ ब्वाव्हँ या वकिलाच्या नोत्र दाम अव्हेन्यूवरील राहत्या घरातून तिचा कारभार चाले. ज्या वस्तीतल्या माणसांच्या कमाईची इत्थंभूत माहिती कोपऱ्यावरच्या दुकानदाराला होती त्याच वस्तीतली ही पेढी. तिचे तारण तेच, शेजाऱ्याने शेजाऱ्याविषयी बाळगलेली माहिती. दुकानाच्या वहीलाच इथे नियम, सभासद आणि ताळेबंद प्राप्त झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच कथेत हिंदुस्थान एका अनपेक्षित दारातून प्रवेश करतो. बोस्टनचे प्रख्यात दुकानदार एडवर्ड फाइलीन १९०७ साली जगप्रवासाला निघाले असता आपल्या देशात आले. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यान्वये इकडे खेड्यापाड्यांत संस्था निघू लागल्या होत्या. बंगालमध्ये गोर्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने फाइलीनना त्या हिंडून दाखवल्या. सावकाराच्या पाशातून सुटू पाहणारा शेतकरी शेजाऱ्याच्या भरवशावर कर्ज घेतो आणि फेडतो, हे पाहून हा लक्षाधीश व्यापारी इतका प्रभावित झाला की मायदेशी परतल्यावर त्याने या कार्याला स्वतःला वाहून घेतले. १९०९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये पतपेढ्यांचा जो कायदा झाला त्यामागे फाइलीन आणि बँक-आयुक्त प्येर जे यांची खटपट होती आणि सल्ल्याला देजार्दँ होते. मँचेस्टरच्या फ्रेंच विणकऱ्याचे आणि आपल्या शेतकऱ्याचे पतशास्त्र एकाच मुळापासून निघाले होते. ते अमेरिकेत दोन वाटांनी पोहोचले आणि त्यांतली एक वाट आपल्या अंगणातून गेली. सहकाराच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट ठळकपणे का येत नाही हे मला समजत नाही.

फ्रँको-अमेरिकन समाजातला सर्वांत मोठा व्यवहारी पुरुष मात्र पतपेढीतला नव्हता. अराम पोथिए हे क्वेबेकमध्ये जन्मलेले, वूनसॉकेटच्या एका बचतपेढीत कारकुनी करून वर आलेले. १८८९ आणि १९०० या दोन्ही पॅरिस प्रदर्शनांना ते ऱ्होड आयलंडचे प्रतिनिधी म्हणून गेले, आणि तिथे आपल्या घरच्या भाषेचा त्यांनी जो उपयोग केला तसा या समाजात दुसऱ्या कोणी केला नसेल. उत्तर फ्रान्समधील रूबे आणि तुर्क्वँ इथल्या लोकरगिरण्यांच्या मालकांना त्यांनी पटवले की अमेरिकेच्या जकातीची भिंत ओलांडायची तर भिंतीच्या आत कारखाना काढावा, आणि तो अशा शहरात काढावा जिथे मुकादमापासून महापौरापर्यंत सर्वांना तुमची बोली कळते. गिरण्या आल्या. पोथिए १९०९ मध्ये ऱ्होड आयलंडचे गव्हर्नर झाले. आपल्या भाषेला शेवटी काय भाव आला, असा प्रश्न त्या काळच्या वूनसॉकेटमध्ये कोणी विचारला असता तर त्याला गिरण्यांच्या धुराड्यांकडे बोट दाखवता आले असते.

या समाजात भाषा आणि श्रद्धा यांच्या रक्षणाची चळवळही होती, आणि ती पुढे कशी भडकली याचा इतिहास लांब आहे. मी त्यातला हिशेबाचा भाग तेवढा सांगतो. ऱ्होड आयलंडचे कॅथलिक बिशप हिकी यांनी १९२० नंतर कॅथलिक विद्यालयांसाठी प्रत्येक पॅरिशवर रक्कम बसवली. ती विद्यालये इंग्रजी होणार ही भीती, आणि पैसा पॅरिशच्या लोकांनी जमवलेला. एल्फेज देन्यो या वकिलाने ‘ला सेंतिनेल’ हे पत्र काढून विरोध सुरू केला, भाविकांना चर्चच्या बाकांचे भाडे रोखायला सांगितले आणि शेवटी बिशपवर दिवाणी दावे लावले. दावे फेटाळले गेले. १९२८ साली त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना धर्मबहिष्कृत करण्यात आले. पुढच्या वर्षी बहुतेकांनी माफी मागितली. श्रद्धावान माणसाने आपल्याच बिशपला न्यायालयात खेचावे हे त्या समाजाला झेपणारे नव्हते, आणि देन्यो यांचा तोल सुटला होता हेही खरे. परंतु ज्यांनी पै-पैसा जमवून चर्च बांधले त्यांना जमाखर्च विचारण्याचा हक्क असावा, हे त्यांचे म्हणणे मला आजही रास्त वाटते.

तडाखा बसला तो मात्र दुसरीकडून. अमॉस्केग ही एके काळी जगातली सर्वांत मोठी कापडगिरणी गणली जाई. भरभराटीच्या काळी तिच्यात सुमारे सतरा हजार माणसे काम करीत. १९२२ च्या फेब्रुवारीत कंपनीने मजुरी वीस टक्के कापली आणि आठवडा ४८ तासांवरून ५४ तासांवर नेला. संप नऊ महिने चालला. त्या नऊ महिन्यांत कोपऱ्यावरच्या वह्या भरत गेल्या. संपकऱ्याला नाही म्हणावे तर रविवारी त्याच्याच शेजारी गुडघे टेकायचे, आणि हो म्हणावे तर घाऊक व्यापारी दारात उभा. दक्षिणेकडच्या स्वस्त मजुरीच्या गिरण्यांशी स्पर्धेत टिकणे पुढे कंपनीला जमले नाही आणि १९३५ च्या अखेरीस तिला टाळे लागले. शहरातल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन त्या साऱ्या इमारती ५० लाख डॉलरांना विकत घेतल्या आणि लहान लहान कारखान्यांना भाड्याने दिल्या. व्यापारी वर्गाने शहर वाचवले याचे हे उदाहरण नेहमी सांगितले जाते, ते योग्यच आहे. पण एकाच भाषेतल्या हजारो माणसांचा पगार एकाच दिवशी एकाच वस्तीत येत होता, तो योग मात्र पुन्हा आला नाही.

भाषा गेली ती यानंतर. मेनमध्ये १९१९ च्या कायद्याने सरकारी शाळांत इंग्रजीतूनच शिकवण्याची सक्ती होती, आणि तो कायदा १९६९ पर्यंत राहिला. कू क्लक्स क्लॅन या कॅथलिकद्वेष्ट्या संघटनेने १९२०-३० च्या दशकात याच लोकांविरुद्ध मिरवणुका काढल्या. ही दडपशाही खोटी नव्हे. तरी मला प्रश्न पडतो की तो कायदा अमलात असताना, १९२० साली, लुइस्टनच्या गल्लीत फ्रेंच धडधाकट होती आणि १९६० साली, कायदा तोच असताना, ती थकली, हे कसे? मधल्या काळात मोटारी आल्या, उपनगरे आली, मांडणीवरून वस्तू आपली आपण उचलायच्या अशी मोठी दुकाने आली. तिथे कोणाशी बोलावेच लागत नाही. लोवेलचे ‘लेत्वाल’ हे फ्रेंच पत्र १९५७ साली बंद पडले, ‘ल मेसाजे’ १९६० च्या दशकात. जॅक केरुआक हा जगप्रसिद्ध लेखक याच लोवेलमध्ये १९२२ साली जन्मला. त्याचे वडील छापखाना चालवीत, तो धंदा १९३६ च्या मेरिमॅकच्या महापुरानंतर सावरला नाही. मुलाला सहा वर्षांचा होईपर्यंत इंग्रजी धड येत नव्हते. पुढे त्याने सारे नाव इंग्रजीत कमावले. १९५१-५२ च्या सुमारास त्याने आईच्या फ्रेंचमध्ये लिहिलेली हस्तलिखिते मात्र त्याच्या दप्तरातच पडून राहिली. ती २०१६ साली माँट्रियलमध्ये छापली गेली. मुद्रकाच्या पोराला आपल्या भाषेत छापणारा मिळायला साठ-पासष्ट वर्षे लागली.

मँचेस्टरची ती पतपेढी सेंट मेरीज बँक या नावाने आजही चालू आहे, आणि ब्वाव्हँ यांच्या घरात २००२ पासून पतपेढी-चळवळीचे संग्रहालय आहे. लुइस्टनमध्ये २००१ नंतर सोमाली आणि त्यांच्यामागून काँगो, जिबूती इथली फ्रेंच बोलणारी आफ्रिकन कुटुंबे आली. लिस्बन स्ट्रीटवर जी दुकाने ओस पडली होती त्यांतली कित्येक त्यांनी उघडली. क्वेबेकहून आलेल्यांची ऐंशी वर्षांची नात आणि काँगोहून आलेला माणूस तिथे एकमेकांशी फ्रेंच बोलतात. दोघांच्याही उच्चारांना पॅरिसचा माणूस नाक मुरडील, पण त्या दोघांना त्याची फिकीर नसावी.

श्रोतेहो, लुइस्टन-मँचेस्टरच्या बहुतेक दुकानांच्या वह्या जळाल्या, कुजल्या किंवा रद्दीत गेल्या, आणि म्हणून त्या समाजाचा इतिहास आज प्रामुख्याने धर्मगुरूंच्या आणि संपादकांच्या कागदांवरून लिहावा लागतो. आपल्या परळ-लालबागेतल्या किराणा दुकानांच्या, खानावळींच्या, गावकरी मंडळांच्या वह्याही त्याच वाटेवर आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या घरच्या माळ्यावर आजोबांच्या खतावण्या असतील त्यांनी त्या विकू नयेत; गावातल्या ग्रंथालयात किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागात नेऊन द्याव्यात, आणि तिथल्या लोकांनी घेण्यास टाळाटाळ केली तर पुन्हा पुन्हा जाऊन द्याव्यात, एवढी माझी विनंती आहे.